कच्चे शब्द

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. बरी असशील. तुझ्या छोटीची कॉलेजची परीक्षा तोंडावर आली असेल. आई म्हणाली, तुझी कंबर पुन्हा धरली आहे, शेकतेस ना? मी मजेत आहे, खोकला सोडला तर. तीन आठवडे तुझा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, तू उचलत नाहीस. आईचा मात्र पहिल्या रिंगला उचलतेस, मी चौकशी केली आहे.

बातमी अशी, की अल्बम झाला! नऊ गाणी. त्यातली सात माझ्या कपड्यांच्या कपाटात झाली आहेत, हे तुला सांगितलं तर हसशील. खोलीत आवाज घुमतो, म्हणून मी कपाटात स्टूल टाकते, अंगावर कोट आणि चादरी घेते आणि दार ओढून गाते. एकदा शेजारच्या काकू गाण्याचं कौतुक करायला आल्या, घराचं दार उघडंच होतं. मी घामाघूम होऊन कपाटातून बाहेर आले, तेव्हा बिचाऱ्या कौतुक विसरूनच गेल्या.

असे घरचे डेमो करण्यात तीन वर्षं गेली. मग एका रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंनी त्यातला एक ऐकला. संगीत संयोजक मिळाला, खरा स्टुडिओ मिळाला. तिथे इतकी शांतता असते की पहिले दोन दिवस मला गाताच येईना. संयोजक म्हणाला, "कपाट घेऊन यायचं का?" चांगला माणूस आहे. निदान मला तसं वाटायचं.

आता खरं काय ते सांगते. गेले पंधरा दिवस मी चोर शोधते आहे.

कंपनीला एक निनावी मेल आली. सोबत सहाव्या गाण्याचा डेमो, आणि खाली दोनच वाक्यं: 'या गाण्यातली बाई खरी आहे. तिला विचारलेलं नाही.' बाईंनी मला बोलावून घेतलं. "कोण गं ही?" मी म्हटलं, "कुणी नाही हो, कल्पनेतली आहे." सरळ थाप मारली आणि वर मीच रागावले, की माझे डेमो बाहेर जातातच कसे.

तुला माहीत आहे, मी जात्याच संशयी. लहानपणी तू लाडू खाल्लास की मी डब्यातले मोजायचे. मागे एकदा माझं एक गाणं न विचारता कुणीतरी भलतीकडेच वाजवलं, तेव्हापासून मी प्रत्येकाला वेगळी प्रत देते. संयोजकाच्या प्रतीत मी सुरुवातीला घसा खाकरते. बाईंच्या प्रतीत मधेच गजर वाजतो. आणि ताल्याच्या प्रतीत, तोच गं, माझा ड्रम वाजवणारा मित्र, दुसऱ्या कडव्यात स्टूल करकरतं. कुणाला पत्ता नाही. प्रत बाहेर गेली की चोर आपोआप सापडणार, अशी माझी हुशारी.

पण मी मेलमधली फाईल धड ऐकलीच नाही. थेट ताल्याच्या घरी गेले. अल्बमवर त्याच्याऐवजी दुसऱ्याला वाजवायला घेतलंय, म्हणजे त्याचाच डाव असणार, असं मनाशी धरून. त्याच्या बायकोसमोर नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "फाईल शेवटपर्यंत ऐकलीस का?"

घरी येऊन ऐकली. खाकरणं नाही, गजर नाही, करकर नाही. आणि गाणं संपल्यावर पुढे अकरा सेकंद आहेत. सगळ्या प्रतींमधून मी ती कापली होती. ती फक्त मूळ रेकॉर्डिंगमध्ये होती, आणि ते मूळ माझ्या जुन्या लॅपटॉपवर होतं. तो लॅपटॉप मी दिवाणखान्यातल्या धुळीतून उचलून, "अभ्यासाला होईल," म्हणत छोटीला दिला. पुसायचं राहून गेलं. सगळ्यांवर पहारा ठेवणारी मी, आणि तिजोरी स्वतःच्या हाताने तुमच्या घरी पोचवली.

मेल तू पाठवलीस की छोटीने, हे मी विचारणार नाही. तूच पाठवली असशील अशी मनोमन प्रार्थना करते. तिने ऐकलं असेल तर काय, हा विचार मला पुढे नेववत नाही.

ताई, आमच्याकडे चाल आधी येते, शब्द मागून. तोवर गुणगुणायला काहीतरी कच्चे शब्द भरायचे, नंतर बदलायचे. त्या दुपारी चाल आली तेव्हा आदल्या दिवशीचं तुझं वाक्य डोक्यात होतं. "तो दार इतकं हळू लावतो गं, की आला की गेला तेच कळत नाही." तू रडत म्हणाली होतीस. "कुणाजवळ बोलू नकोस," असंही म्हणाली होतीस. मी ते कच्चे शब्द म्हणून भरलं. बदलणार होते, शपथ. पण ते इतकं चपखल बसलं की मी बाकीचं गाणं त्याच्याभोवती रचलं, आणि एक वर्ष बदलायला बसलेच नाही.

हे तरी कदाचित माफ करशील. त्या अकरा सेकंदांचं काय करू? त्यात ताल्या विचारतो, "सुचलं कसं?" आणि मी हसत म्हणते, "ताईचा संसार मोडतोय, आपलं गाणं जमतंय." माझाच आवाज आहे. मी तो दहा वेळा ऐकला, दुसऱ्या कुणाचा निघतो का बघायला.

ताल्याची माफी मागून आले. त्याने दारातच चहा दिला.

२८ तारखेला अल्बम बाहेर पडायचा आहे. कंपनी तयार झाली ती याच गाण्यावर. ते काढलं तर बाकीच्या गाण्यांचं काही खरं नाही, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं. तरी काल त्यांना खरी गोष्ट सांगून आले: ताईचा होकार आला तरच हे गाणं जाईल. उत्तर आलं नाही तर मी नकार समजेन. अल्बम गेला तर मला वाईट वाटेल, खूप वाटेल. तेही लपवत नाही, नाहीतर तुला पुन्हा भलताच संशय यायचा.

आता माझा माझ्यावरही भरवसा नाही. हे पत्र लिहिताना दोनदा वाटलं, ओळ बरी जमली. दोन्ही खोडल्या. वर खाडाखोड दिसणार नाही, हे मी नव्या कागदावर उतरवून काढलंय, आणि आधीचा कागद फाडलाय.

छोटीला माझा आशीर्वाद सांग. किंवा राहू दे, आधी तिला जे विचारायचं ते विचार. भाऊजींना काही सांगू नकोस.

यापुढे माझ्याशी काही बोलण्याआधी तू थांबून विचार करशील. हा माझा संशय नाही गं, हे मी माझ्या हाताने कमावलंय.

तरीही तुझीच,
धाकटी