मंगळवारी दुपारी दोन

ता. १४, रविवार, दुपार

प्रिय ताईस,

नमस्कार. तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले आणि मी आज उत्तराला बसलोय, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तो मुद्दा तुला काढायला नको. चार वेळा बसलो होतो. एकदा पेन संपलं, एकदा खालच्या लॉन्ड्रीवाल्याने चादरी पिळायला हाक मारली, आणि दोनदा नुसतं "प्रिय ताईस" लिहून खिडकीबाहेर बघत राहिलो. समोरच्या गच्चीवर एक माणूस कबुतरांना शिट्टीवर वळायला शिकवतो. पंधरातली तीनच वळतात. असो. फोन केला असता, पण तूच म्हणालीस, "फोनवर तू मला गुंडाळतोस. लिही. लिहिताना तरी सरळ बोलशील."

मी बरा आहे. खोली लॉन्ड्रीच्या वर असल्याने जमीन कायम कोमट असते, पाय गार पडत नाहीत. भाओजींना नमस्कार. चिमणीच्या दाताचं काय झालं ते कळव.

तू विचारलं होतंस, "या वेळी किती दिवस टिकणार?" ताई, मी इथे अकरा महिने टिकलोय! अकरा! आधी कुठे टिकलो होतो ते तूच सांग. आणि आता मला इथून निघायची वेळ आली असेल तर ती माझ्यामुळे नाही, इथल्या माणसांमुळे. डोकं इतकं तापलंय की तीन दिवस झाले तरी उतरत नाही. पाच माणसं, एक खेळ, आठवड्यातले तीन तास. एवढंसं जमत नाही या जगात?

खेळाबद्दल तुला एकदा फोनवर सांगत होतो तेव्हा तुझा कुकर झाला आणि तू फोन ठेवलास. तर पत्ते नाहीत, पट नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तो म्हणतो, "समोर दरी आहे, काय करणार?" आपण म्हणायचं, "उडी मारतो." मग फासे टाकायचे. पलीकडे पोचलो की खाली गेलो, ते फासे ठरवतात. भाओजी म्हणतील घोडे झाले तरी खेळतात. त्यांना सांग, आमच्यातल्या बसड्रायव्हरच्या मिशा पांढऱ्या झाल्यात.

गोष्ट सांगतात ते मास्तर. शाळेतले नाहीत, शिंपी. त्यांच्या दुकानात कपडा बेतायचं लांबलचक टेबल आहे, त्यावर ते खडूने किल्ला काढतात, नदी काढतात, आणि आम्ही सगळे म्हणजे बटणं. ड्रायव्हर काळं कोटाचं बटण, इस्पितळातली सिस्टर शिंपल्याचं, बेकरीवाला लाकडी, मी पितळी. जो आला नाही त्याच्या बटणावर मास्तर अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, पालथं घालतात. म्हणजे तो झोपलाय, त्याला कुणी मारायचं नाही. आता नदी अर्धी ओलांडून झाली की खडू पुसायचा नसतो, म्हणून गेले सात आठवडे मास्तरांनी टेबलावर चादर टाकून ठेवलीय आणि बिचारे जमिनीवर बसून कापड कापतात. गुडघे धरून उठतात.

सात आठवडे का? कारण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. सिस्टरची कामाची पाळी दर आठवड्याला फिरते. ड्रायव्हरची सुट्टी डेपोतल्या फळ्यावर लिहितात आणि तो फळा आदल्या दिवशीपर्यंत कुणाला दाखवत नाहीत. बेकरीवाला दुपारी मोकळा होतो, पण दुपारी त्याला झोप हवी. गेल्या खेपेला तो "मी राक्षसावर धावून जातो" म्हणाला आणि टेबलावर डोकं ठेवून घोरायला लागला. राक्षस ताटकळला.

मग मास्तरांनी कॅलेंडरच्या पानावर दोरे टाचले. सिस्टरच्या कामाच्या तारखांवर लाल, ड्रायव्हरच्या अंदाजाने निळे, बेकरीवाल्याचे पिवळे. ज्या तारखेवर दोरा नाही त्या दिवशी खेळायचं. अख्ख्या महिन्यात एक तारीख मोकळी नाही! पान नव्हतंच ते, पायपुसणं झालं होतं. मी विचारलं, "माझा दोरा कुठला?" तर सिस्टर म्हणाली, "तुझा कसला दोरा? तू मोकळाच." सगळे हसले. मीही हसलो.

पण तूच सांग. पार्सलच्या गोदामातून सकाळी सातला फोन आला तर मला काम, नाही आला तर नाही. सात वाजेपर्यंत मला माझ्या दिवसाचा पत्ता नसतो. याला मोकळा म्हणतात? तुम्ही सगळे तसंच म्हणता. आपल्या घरीही तसंच. "त्याला सांगा, तो काय, रिकामाच आहे." तुझ्या लग्नात खुर्च्या कोणी मोजल्या? जाऊ दे, तो विषय नाही.

विषय असा, की मग मीच मनावर घेतलं. एकानेही घेतलं नव्हतं, मी घेतलं. डेपोत गेलो, इस्पितळाच्या फाटकावर दीड तास उभा राहिलो, बेकरीत भट्टीसमोर घाम गाळला, आणि सगळ्यांना एका दिवशी आणलं. मंगळवार, नऊ तारीख, दुपारी दोन. सात आठवड्यांत जे कुणाला जमलं नाही ते मी तीन दिवसांत जमवलं. आणि त्याबद्दल मला काय मिळालं? गुरुवारी मास्तरांचा निरोप: "तुझं बटण घेऊन जा."

का, तर म्हणे मला मंगळवारी उशीर झाला.

एका उशिरावरून! ड्रायव्हरच्या बसला कधी उशीर होत नाही?

गुरुवारी मी दुकानात गेलो तेव्हा मास्तर जमिनीवर बाही कापत होते आणि ड्रायव्हर डेपोच्या खाकी कपड्यातच स्टुलावर बसला होता. मी म्हटलं, "काय मास्तर, एवढं काय झालं?" मास्तरांची कात्री चालूच राहिली. तोंडात टाचण्या होत्या त्यांच्या, पण नसत्या तरी बोलले नसते.

ड्रायव्हर म्हणाला, "बेकरीवाल्याला काय सांगितलं होतंस?"

"काय म्हणजे? मंगळवारी दोनला या."

"त्याला सांगितलंस, ड्रायव्हर आणि सिस्टर तयार आहेत, फक्त तुमच्यामुळे अडलंय. मला सांगितलंस, सिस्टर आणि बेकरीवाला तयार आहेत, फक्त तुमच्यामुळे अडलंय."

"मग? आले ना सगळे?"

"सगळे आले. तू सोडून."

मी म्हटलं, "अहो, खेळ आहे. कुणी मेलंय का?"

हे मी बोलायला नको होतं, मला तेव्हाच कळलं. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या आणि म्हणाले, "वाटाड्या तू होतास." एवढंच.

ते तुला सांगायचं राहिलं. गोष्टीत मी वाटाड्या आहे. नदीपलीकडच्या जंगलातून किल्ल्यावर जायची गुप्त वाट फक्त मला ठाऊक. खरंच फक्त मला, कारण मास्तरांनी ती चिठ्ठीवर लिहून मला एकट्याला दिली होती आणि फाडून टाकायला सांगितली होती. ती मी फाडली. म्हणजे बाकी कुणावर अंगुस्तान घातलं असतं तरी चाललं असतं, माझ्यावर घातलं की सगळेच जंगलात उभे.

आता उशिराचं सांगतो. मी बाराला निघालो होतो, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. चौकात एक क्रेन पाण्याची टाकी चौथ्या मजल्यावर चढवत होती. टाकी वाऱ्यावर गरगर फिरायला लागली तसा क्रेनवाला ओरडला, "ए दादा, दोरी धर!" समोर मीच होतो. धरली. टाकी बसली, तो म्हणाला, "पुढच्या साइटवर येतोस का? वरून गाव दिसतं." मला वाटलं पाऊण तासाचं काम. ताई, तुला क्रेनवरची ती काचेची खोली दाखवायला हवी, पायाखालीसुद्धा काच आहे. माणसं वरून बटणांएवढी दिसतात. तर थोडा उशीर झाला.

थोडा म्हणजे दोन तास. चार वाजले होते.

तू पत्र बाजूला ठेवून "बरं, मग?" असं म्हणतेयस, ते मला इथे ऐकू येतंय. मग मी गेलो दुकानाशी. धावत गेलो. समोरच्या फुटपाथवरून काचेतून आतलं दिसत होतं. चादर काढलेली होती. सिस्टर कापडाच्या ताग्यावर डोकं टेकून झोपली होती, युनिफॉर्मसकट. बेकरीवाला डोळे ताणून बसला होता. ड्रायव्हर मास्तरांना काहीतरी सांगत होता आणि सांगताना बोटांवर मोजत होता, एक, दोन, तीन. मला लगेच कळलं. दोन तास एकत्र बसल्यावर कोणाला काय सांगितलंय ते निघणारच. रस्ता ओलांडायचा तेवढा बाकी होता. आठ-दहा पावलं.

मी परत फिरलो. फोन बंद करून टाकला.

लिहिलं बघ. म्हणजे उशीर नाही झाला. मी गेलोच नाही.

गुरुवारी हे मी त्यांना सांगितलं नाही. उलट आवाज चढवला. "तुमच्यातल्या एकाने तरी कधी पुढाकार घेतला? मी घेतला तर मलाच फटकारता?" असलं बरंच काही. ड्रायव्हर ऐकत होता. मग म्हणाला, "सिस्टरने मंगळवार मिळवायला सोमवारी लागोपाठ दोन पाळ्या केल्या. तिचं ती बघेल. माझं सांगतो. माझ्या बायकोला मंगळवारी दोन वाजता चष्म्याच्या दुकानात मुलाखतीला बोलावलं होतं. काउंटरची नोकरी. पोरगी झाल्यापासून सात वर्षांत पहिलं बोलावणं. मी रजा टाकून घरी थांबणार होतो पोरीजवळ. आणि मी तिला म्हटलं, अगं, बाकी सगळे तयार आहेत, फक्त माझ्यामुळे अडलंय, तू बुधवार मागून घे."

मी विचारलं, "मग? बुधवारी गेल्या का वहिनी?"

"गेली. जागा भरली होती."

मास्तरांनी पितळी बटण माझ्या हातावर ठेवलं. मी खिशात टाकून निघालो, आणि दारातून बाहेर पडता पडता काय म्हणालो असेन? "मुलाखत होती हे मला कुणी सांगितलं होतं का?" हो, हेच म्हणालो. आणि त्यात खोटं काही नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी डेपोत त्याच्यामागे मागे फिरत होतो, तो म्हणत होता, "अरे मंगळवारी घरी जरा...", आणि मी म्हणालो, "घरचं काय, रोजचंच आहे."

रोजचंच आहे! माझ्या तोंडून हे निघालं, ताई. मला कुणी मोकळा म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि त्या बाईचा दिवस मी असा झाडून टाकला.

तरी माझा राग गेलेला नाही. त्यांच्यावरचाही नाही. काही झालं तरी ते नुसतं "तुझं बटण घेऊन जा" हे शिंप्याने एखाद्या माणसाला सांगायचं असतं का? शिव्या द्यायच्या होत्या. बेकरीवाल्याने तर मला रस्त्यात बघून पाव पुढे केला, नेहमीसारखा, एक शब्द न बोलता. मला काय वाटलं असेल? घेतला मी तो, पण खाल्ला नाही. म्हणजे संध्याकाळी खाल्ला.

आता मुख्य. आज सहाच्या गाडीने निघायचं ठरवलंय. पिशवी भरली आहे. तुझ्याकडे महिनाभर राहीन म्हणतो. भाओजींना काय सांगायचं ते तू ठरव. गोदामात कळवलं नाही, लॉन्ड्रीवाल्याला किल्ली देतो. तू म्हणशील, हे तर नेहमीचंच. मागच्या गावातून निघालास तेव्हाही कुणाशी तरी बिनसलं होतं, त्याआधीही. त्या दोन्ही वेळा माझं चुकलं नव्हतं, हे मी तुला तेव्हा लिहिलं होतं. आता मला नक्की आठवत नाही. म्हणजे चुकलं नव्हतं असं लिहिल्याचं आठवतं.

थांब, खाली कुणीतरी लॉन्ड्रीवाल्याला माझी खोली विचारतंय. बाईचा आवाज आहे. सिस्टर असेल तर मी नाही म्हणून सांग, असं त्याला खुणेने सांगायला हवं होतं, पण तो मशीनपाशी असतो, त्याला वरचं दिसत नाही.

सिस्टर नाही. जिन्यावर छोट्या चपलांचाही आवाज आहे.

दार वाजलं. बाहेरून म्हणाल्या, "आहात का? मी ड्रायव्हरची बायको." परत वाजलं. "पंख्याचा आवाज येतोय, म्हणजे आहात. यांना माहीत नाही मी आलेय ते. मला फक्त तुमचं तोंड बघायचं होतं, आणि ते मी दारातून कसं बघू?" मागून पोरगी विचारतेय, "आई, हाच का तो वाटाड्या?" तिला कुणी सांगितलं देव जाणे.

मी कधी त्यांना बघितलेलं नाही. मला काय बोलायचं ते ठाऊक नाही. मागे गच्चीकडे उघडणारं दुसरं दार आहे आणि ते मी आत्ता बघतोय, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मी "आलो" म्हणालोय, वहिनींनी ऐकलंय. आता उठायलाच हवं. पाकीट चिकटवायला वेळ मिळाला तर हे आजच टाकेन.

दार उघडायला निघालेला,
तुझा धाकटा