अपेक्षांचा रिकामा रकाना

३ मे १९९९, धुळे
आले बाई एकदाची धुळ्यात. पुण्यातल्या साहेबांची तोंडं बघून वीट आला होता. इथे अभिमन भाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, आग्रा रोडच्या एका गल्लीत. वर पत्रा तापतो, पण मशीन नवंकोरं. समाजाच्या वधूवर मंडळाची वेबसाइट करायची. ती आधी याच मशीनवर चालवून बघायची, बाहेरची तार जोडायचीच नाही, म्हणजे आपल्या चुका जगाला दिसत नाहीत. भाऊ म्हणाले, "आठे काय बी मोडनं तरी चालस, पोरी." इथे काही मोडलं तरी चालेल, असं मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. दारात झुंबरबाईंची चहाची गाडी असते. मला साखर कमी लागते, हे त्यांना एकदा सांगून पुरलं.

५ मे
सर्व्हर चालू झाला. तपासायला चार नावं हवीत. तेवढ्यात भडगावहून, शेजारच्या द्रौपदाबाईंकडून, आईचा फोन. पुन्हा माझ्या लग्नाचंच. तिरमिरीत मी तिलाच उपवर करून टाकलं: मंजुळाबाई, भडगाव, वय अठ्ठावन्न. जोडीला झुंबरबाई. दोघींचा 'अपेक्षा' हा रकाना रिकामाच ठेवला. यांच्या अपेक्षा कोण विचारतंय? दुपारी वीज गेली आणि सगळं बिघडलं. डिस्क पुसली, भरलेली नावंही गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

६ मे
चहाची गाडी नाही. भाऊंना विचारलं. "कोन झुंबरबाई? आठे चहानी गाडी कधीच नव्हती." थट्टा असेल म्हणून हसले. मग आईसाठी फोन लावला. द्रौपदाबाई म्हणाल्या, शेजारचं घर कित्येक वर्षं बंद आहे. मंजुळाबाई कोण, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. काल पुसली गेली ती नेमकी हीच दोन नावं. मला भीती वाटतेय.

७ मे
झुंबरबाईंचं नाव पुन्हा भरलं. दुपारी गाडी दारात. बाई नुसत्या उभ्या, स्टोव्ह पेटवला नाही. चहा म्हणजे काय, ते मलाच विचारलं. जेवढं भरलं, तेवढंच परत आलं.
तरी आईचं नाव भरलं. न भरून काय करू?

८ मे
भडगावच्या एसटीतून आई उतरली. चेहरा तिचाच. मला ताई म्हणाली, अनोळखी बाईला म्हणतात तसं. बसवली तिथेच बसून आहे. लग्नाचं विचारत नाही. याच कटकटीला वैतागले होते मी. आता कर ना, आई.

१० मे
अपेक्षांच्या रकान्यात आठवेल ते लिहितेय. मनगटावरचा भाजल्याचा डाग — लिहिला, उमटला. भरीत करताना गुणगुणणं — लिहिलं, गुणगुणली. पण माझ्याही आठवणी पुसल्या जातायत. काल तिच्या लुगड्याचा रंग आठवत होता. आज —

११ मे
भाऊ म्हणतात मशीन अडकतंय, संध्याकाळी पुसून टाकू. ऐकत नाहीत.
आई माझ्याकडे बघत होती. तोंड उघडलं. हाकच नाही तिच्याकडे — मीच लिहायला हवी —
लहानपणापासून मला ज्या नावाने — शाळेतून आले की दारातून —
आत्ता ओठांवर होतं —
ते —