डावीकडची स्प्रिंग

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग काही शिळा होत नाही. आई होती तोवर तिच्या भिडेखातर गप्प बसलो. आता तीही गेली. तेव्हा ऐका.

तिरुवल्लिकेणीतलं आपलं अंगण, रविवारची दुपार. मोटरसायकल स्टँडवर उभी आहे आणि तुम्ही वेष्टी गुडघ्यावर खोचून मागच्या चाकाशी बसला आहात. मागे दोन्ही बाजूंना एकेक स्प्रिंग, तिच्या तळाशी खाचांची कडी. आकड्याचा पाना लावून कडी फिरवली की स्प्रिंग दबते आणि गाडी मागून कडक होते. बीच रोडवरून आपल्या गल्लीत शिरताना ब्रेकला हात न लावता गाडी झोकात वाकवायची, ही तुमची हौस. त्यासाठी मागची बाजू कडक हवी, इथपर्यंत तुमचं बरोबर होतं. पण आई नऊवारी नेसून मागे बसते, दोन्ही पाय डावीकडे सोडून, म्हणजे सगळा भार डावीकडे. म्हणून डावी स्प्रिंग शेवटच्या, सगळ्यांत कडक खाचेत आणि उजवी पहिलीत, हे शास्त्र तुमचं स्वतःचं. ऑफिसात ते तुम्ही ऐटीत सांगायचात आणि ऐकणारे माना डोलवायचे, कारण त्यांच्याही बायका तशाच बसायच्या.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आदल्या दिवशीच गाडी नुंगंबाक्कमपर्यंत नेऊन आणली होती, तेव्हाही डावी कडी उजवीच्या पुढे होती, आणि प्रत्येक वळणावर मागचं चाक डोलताना सीटखाली कळत होतं. पाना माझ्याच हातात होता. म्हटलं, "अप्पा, दोन्हीकडे सारखं पाहिजे. एकच कडक केली तर मागचा सांगाडा पिळतो."

तुम्ही वर बघितलंही नाही. "गाडी कोणाची? पाना ठेव खाली."

मी ठेवला.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मी उभा आहे. तुम्ही आईला मागे बसवून येता, गाडी सुरेख वाकते, मग रस्त्यातल्या एका उंचवट्यावर मागचं चाक उडतं, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि आई रस्त्यावर. गाडी तुम्ही सावरलीत. तिला उचलायच्या आधी म्हणालात, "अय्यो, नीट बसायला काय होतं तुला?"

तिचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. दोसा ती डाव्या हाताने उलटायला लागली. आणि तुम्हाला सांगायला गोष्ट मिळाली. घरी कोणी आलं की झोपाळ्यावर आडवं बसून, आई कशी गोणीसारखी घरंगळली त्याची नक्कल. लोक हसत. आईही हसे, हाताला प्लास्टर असताना. तेव्हापासून सायकल रिक्षात बसली तरी मला विचारायची, "बरोबर बसलें का रे?" हा प्रश्न मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकला, आणि दर वेळी तुमच्या नावाने दात खाल्ले.

तुमची चूक मी कधीच माफ केली असती. चूक कोणाचीही होते. पण पुढच्याच रविवारी गाडी पुसताना मला दिसलं, दोन्ही कड्या एकाच खाचेत होत्या. पाना तुमच्या पेटीत, पेटीची किल्ली तुमच्या जानव्याला. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कळूनही तुम्ही ती नक्कल मरेपर्यंत केलीत.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि मी आईला गाडीवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. त्याच वळणावर गाडी वाकवली, तुमच्याइतकीच, आणि मुद्दाम त्याच उंचवट्यावरून नेली. काही झालं नाही. दाराशी उतरल्यावर मी तिला कड्या दाखवल्या आणि सगळं सांगितलं. तिने वाकून डाव्या हाताने दोन्ही कड्या चाचपल्या.

"म्हणजे मी बरोबर बसलें होतें."

"हो."

"त्यांना ठाऊक होतं?"

नाही म्हणता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं. मी "हो" म्हटलं, आणि खरं सांगतो, म्हणताना मला फार गोड वाटलं. पुढच्या श्राद्धाला तिने तुमच्या आवडीचं, भाजल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं डांगर केलं नाही. त्यानंतर कधीच केलं नाही. भटजींनी विचारलं तर म्हणाली, "हात चालत नाही माझा."

तुम्हाला हे कळावं म्हणून लिहायला बसलो. तिने उडीद भाजले नाहीत, ते पान तुमच्यापुढे डांगराशिवाय वाढलं गेलं, ते माझ्यामुळे. हे तुमच्या तोंडावर सांगायला मिळालं नाही, एवढंच डाचतं.

पण तेही खरं नाही, अप्पा. तुम्ही आत्ता अंगणात चाकाशी बसलेले असतात आणि वर न बघता पुन्हा तेच म्हणाला असतात, तर मी पाना खाली ठेवला असता.