निरोपाचा नारळ

अण्णा,

माझी बदली कोर्टाने रद्द केली. तुम्हाला सांगायचं होतं म्हणून लिहायला बसले. आईला दुपारीच फोन केला. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. जेवलीस का?"  फोन तिने लगेच ठेवला नाही, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तिला काय आठवत असणार ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिलाही कळलं असणार. तुमचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही.

करंजा बंदराजवळचा तो बर्फाचा कारखाना तुम्ही बंद पाडलात तेव्हा मी बारावीला होते. बंद पाडलात असं लोक म्हणत. तुम्ही म्हणायचात, मी फक्त विजेची चोरीची लाइन काढली. कारखान्याचा मालक एका पुढाऱ्याचा साडू होता, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. तुम्हाला काळजी पडली होती ती होड्यांची. बर्फ मिळाला नाही तर मासळी सडेल, म्हणून तुम्ही स्वतः उरणच्या दुसऱ्या कारखान्याला फोन करून टेम्पोभर बर्फ पाठवायला लावलात. लाइन तोडणारा साहेबच बर्फ पाठवतो हे बंदरावरच्या बायकांना काही केल्या पटेना. त्यांनी सकाळी तुम्हाला यथेच्छ शिव्या घातल्या आणि संध्याकाळी सुक्या बोंबलांची पिशवी घरी पाठवली. ती तुम्ही परत केलीत. आई आठवडाभर धुसफुसत होती.

मग ऑर्डर आली. पनवेलहून थेट गडचिरोली, पावसाळ्यात नाला भरला की जगाशी संबंध तुटतो अशा ठिकाणी. कारण म्हणे प्रशासकीय. तुमचे वकील मित्र आपल्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होते, तो प्रसंग मला अजून दिसतो. आई भाकऱ्या थापतेय, मी पुस्तक उघडं ठेवून सगळं ऐकतेय, आणि वकील पुन्हा पुन्हा बजावतायत की ही सरळसरळ आकसाची बदली आहे, आपण कोर्टात जाऊ, स्टे मिळेल. पण तोवर चार्ज सोडायचा नाही, रजा टाकायची आणि ऑफिसचं तोंड बघायचं नाही. तुम्ही मान डोलावलीत. इतकी साधी गोष्ट होती, अण्णा. घरी बसायचं होतं फक्त.

दुसऱ्या दिवशी तुमच्या हाताखालचा लाइनमन दारात उभा. सगळ्या लाइनमननी मिळून संध्याकाळी निरोपसमारंभ ठेवला होता. आईने आतूनच विचारलं, वकील काय म्हणाले ते विसरलात का. तुम्ही शर्टाला इस्त्री करत होतात. मान वर न करता म्हणालात, "पोरांनी शाल आणलीय. मी गेलो नाही तर त्यांना काय वाटेल?"

मीही आले होते त्या समारंभाला. बटाटेवडे होते, पेढे होते, आणि खांबावर चढताना न डगमगणारी माणसं तुमच्या गळ्यात हार घालताना रडत होती. तुमच्या जागी आलेला नवा अभियंता पहिल्या रांगेत अवघडून बसला होता. बायकोमुलांना घेऊन आला होता बिचारा, त्याला ताटकळत ठेवणं तुम्हाला बरं वाटेना. तिथल्या तिथे किल्ल्या दिल्यात, चार्जच्या कागदावर सही केलीत. आणि भाषणात म्हणालात, "बदली हा नोकरीचा भाग आहे. माझा कोणावरही राग नाही." केवढ्या टाळ्या पडल्या. फोटो काढले. शाल आणि नारळ घेऊन आपण रिक्षाने घरी आलो.  दुसऱ्या दिवशी आईने तो नारळ फोडला, विळीवर खवला आणि त्याच्या वड्या केल्या. आपण सगळ्यांनी खाल्ल्या.

तो फोटो इथल्या साप्ताहिकात छापून आला आणि तिथून वीज कंपनीच्या वकिलाकडे गेला. कोर्टात त्याने तो पुढे केला. हार घातलेले हसरे तुम्ही, खाली तुमचं ते वाक्य. गृहस्थाने राजीखुशीने चार्ज दिलाय, कोणावर राग नाही म्हणतायत, मग आकस आला कुठून, असं त्याने विचारलं. तुमच्या वकिलांनी जीव तोडून सांगितलं की राग यांचा नव्हता, त्यांचा होता. पण चार्ज सुटला तो सुटलाच होता. स्टे देता येत नाही, मूळ अर्ज यथावकाश ऐकू, असं म्हणून कोर्टाने तुम्हाला पाठवून दिलं. तुम्ही होल्डॉल बांधलात आणि गेलात.

यथावकाश म्हणजे काय ते आम्हाला नंतर कळलं. तिकडे तुमच्या छातीत दुखलं तेव्हा नाल्याला पूर होता आणि दवाखाना पलीकडे होता. तुम्ही गेल्यावर पुढल्या वर्षी अर्ज बोर्डावर आला. अर्जदार हयात नाही, सबब ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही, असं लिहून तो निकाली निघाला. बदली आकसाने झाली होती की नाही, हे कोणी तपासलंच नाही. त्याच कंपनीने मला अनुकंपेवर चिकटवून घेतलं. मी त्यांना आभाराचा अर्जही दिला होता, तसा द्यायचा असतो म्हणून.

आता माझं ऐका. कामोठ्यात एका बिल्डरचा टॉवर उभा राहिला, कागदपत्रांचा पत्ता नाही आणि वीजजोडणी हवी. मी सही केली नाही. आधी गोड बोलले, मग बदलीची ऑर्डर आली, चंद्रपूरची. माझी इथली मुदत निम्मीसुद्धा झाली नव्हती. कारण तेच, प्रशासकीय. इतक्या वर्षांत त्यांना दुसरा शब्दही सुचू नये.

मी वकिलांनी सांगितलं तसं केलं. रजा टाकली, किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्या, फोन उचलायचे नाहीत तर उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. तोच तुमचा लाइनमन, आता केस पिकलेला, काखेत शालीचं पाकीट आणि हातात नारळ. आत आला नाही. ऑफिसात नाही तर नाही, निदान घरी तरी घ्या, म्हणाला. मी दारातच त्याला तुमच्या फोटोची सगळी कथा ऐकवली. आवाज चढला असेल माझा, शेजारणीने दार उघडून पाहिलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"आमाला कोनी सांगितलाच नाय, ताई," तो म्हणाला. "आमी मायेनं केलता."

मला माहीत होतं ते. तरी मी दार लावून घेतलं. तो नारळ घेऊन जिना उतरला, आणि मी आत बसून रडले, पण नारळ घेतला नाही.

हायकोर्टात न्यायमूर्तींनी कंपनीच्या वकिलाला एकच विचारलं, प्रशासकीय कारण म्हणजे नेमकं कोणतं? तो फाइल चाळत राहिला. मग निकाल आला: शिक्षा द्यायची असेल तर चौकशी करा, बदलीच्या आडून देऊ नका, ही बदली आकसाने केलेली आहे. ते शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, अण्णा. मी मात्र ते तुमच्याकरता ऐकलं. बाहेर पायऱ्यांवर येऊन पुन्हा मनात म्हणून पाहिलं.

मी माझ्या खुर्चीत परत बसलेय. माणसं कामापुरतं बोलतात. माझी बदली झाली असती तर यांच्यातलं कोण रडलं असतं, असा विचार येतो आणि मी फाइल उघडते. या महिनाअखेर तुमचा लाइनमन रिटायर होतोय. शाल-नारळ मी द्यायचाय, भाषणही मीच करायचंय. त्याची माफी कशी मागावी ते सुचत नाही.

हे पत्र आईच्या हाती लागायला नको, म्हणून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणार आहे. तुम्ही म्हणालात तसं मला म्हणता येणार नाही. माझा राग आहे. त्या पुढाऱ्यावर होता तो आता फारसा उरला नाही. उरलाय तो तुमच्यावर. त्या संध्याकाळी तुम्ही घरी थांबायला हवं होतं. आम्ही तुमची माणसं नव्हतो का?

आणि त्या वड्या, अण्णा, मी दोनदा मागून घेतल्या होत्या. फार छान झाल्या होत्या.