पाणी आलं ते नारळातलं

।। श्री ।।
मुलुंड,
११ नोव्हेंबर १९८७

ती. सोनूआत्येस,
सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

आधी एक चूक दुरुस्त करते. सोमवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की फळ्यावरची ती शेवटची ओळ गुणाजीकाकांनी आपल्या मनाने घातली. तसं नाही. ती ओळ माझी आहे. अख्खा मजकूरच माझा आहे. तुला खोटं का लिहिलं ते मलाही कळत नाही. आणखी एक. फळ्यापुढे साठ माणसं हसत उभी होती असं लिहिलं होतं. मी गॅलरीतून मोजली ती तेवीस. त्यातली दोघं नुसती बसची वाट बघत होती.

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे दशरथ गुरुजींना तुला वाचून दाखवताना अडायला होणार नाही. गुरुजी, तुम्ही हे कुणाला सांगणार नाही याची खात्री आहे म्हणूनच लिहिते आहे.

आमच्या चाळीच्या फाटकाशी मंडळाचा फळा आहे. गिरणी बंद पडल्यापासून गुणाजीकाका मंडळाच्या पत्र्याच्या खोलीत राहतात आणि त्या बदल्यात रोज सकाळी रंगीत खडूने फळा लिहितात. अक्षर असं की लग्नपत्रिकेवर छापावं. फळ्याखाली तुपाचा रिकामा डबा ठोकलेला आहे. ज्याला काही सुचेल त्याने चिठ्ठी टाकायची, बरी असेल ती काका फळ्यावर उतरवतात. दोन वर्षं खाली ‘बारावा गडी’ अशी सही असलेलं जे येतं ते मी लिहिते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. बारावा गडी खेळत नाही, मैदानात फक्त पाणी घेऊन जातो आणि बाहेर बसून सगळं बघतो. आम्हा चाळीतल्या बायकांचं दुसरं काय आहे?

रंगाच्या कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करते, तेव्हा एवढं तरी आपलं असावं असं वाटायचं. सगळ्यांना वाटतं लिहिणारा कोणीतरी बिडी ओढणारा पेन्शनर असावा. मुलगी असेल असं कुणाच्या स्वप्नातही नाही. बाबांना वाचता येत नाही, म्हणून ड्यूटीवरून आले की मीच त्यांना फळा वाचून दाखवते. गटारावरची चिठ्ठी त्यांना तोंडपाठ आहे: उमेदवार आपल्याकडे आले, गटारावरून झकास उडी मारून गेले, निवडून आले तर पुढची पाच वर्षं सराव चालू राहील. परवा वानखेडेवर इंग्लंडच्या स्वीपच्या फटक्यांपुढे आपण सेमीफायनल हरलो तेव्हा मी लिहिलं, आपल्या चाळीचा जिना दिवाळीतसुद्धा कुणी झाडला नाही, इंग्रज मात्र इतक्या लांबून येऊन दिवसभर झाडू मारून गेले. बाबा इतके हसले की ठसका लागला. हा बारावा गडी भेटला तर त्याला स्पेशल चहा पाजीन म्हणाले. चहा मीच केला होता.

रविवारची चिठ्ठी नळाची होती. मंडळाचे अध्यक्ष राजारामभाऊ, ज्यांना पुढे नगरसेवक व्हायचं आहे, त्यांनी दसऱ्याला मागच्या अंगणात नव्या नळाचं उद्घाटन केलं. मी लिहिलं: “नवा नळ. फीत कापली, हार घातला, नारळ फुटला. हार वाळला. पाणी आलं ते नारळातलं.” बस, एवढंच.

सोमवारी सकाळी भाऊंची दोन माणसं आली. काकांचा खडूंचा डबा गटारात फेकला आणि बारावा गडी कोण ते सांग म्हणाली. काका म्हणाले की फळ्यावर अक्षर माझं आहे, एवढंच मी सांगू शकतो. त्यांनी तो कबुलीजबाब धरला. मी तेव्हा दहा पावलांवर कळशी घेऊन उभी होते. काही बोलले नाही.

बाबांची वॉचमनची नोकरी भाऊंच्या चिठ्ठीवर लागली आहे, हे तुला माहीत आहेच. काय करू ते कळव. माया असू दे, रागावलीस तरी.

तुझी,
सुलक्षणा


।। श्री रवळनाथ प्रसन्न ।।
मु. पो. कणकवली,
१६ नोव्हेंबर १९८७

चि. सुलक्षणा हिस सोनूबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी पोचली. गुरुजींनी आधी दुसरं वाचलं, मग पहिलं. त्यामुळे पहिलं ऐकताना मी तुझ्यावर रागावतच होते.

गो, तू गप रव. माझं दुसरं सांगणं नाय. आमच्या घराण्यात तू पहिली मॅट्रिक झालंस, ऑफिसात खुर्चीवर बसतस. तुका चिठ्ठ्या टाकूक शिकवलां नव्हतां. पोरीच्या नावावर एकदा असली गोष्ट आली की लग्नाच्या पत्रिकेबरोबर तीपण फिरते. बापाची नोकरी गेली तर या वयात त्याला गेटावर दुसरं कोण उभं करणार? म्हातारा एकटा आहे, त्याला बायको नाय, पोर नाय. चार दिवस बोलतील आणि विसरतील. भाऊ म्हणजे काही वाघ नव्हे.

त्या डब्याकडे आता फिरकू नको. कोकमं आणि कुळथाचं पीठ एसटीने पाठवते. बाबांना म्हणावं छातीला तेल लाव, थंडी पडते आहे.

इथे सर्व खुशाल. आमचा आशीर्वाद पाठीशी आहेच, तू फक्त तोंड मिटून ठेव.

तुझी आत्या
(हस्ते दशरथ गुरुजी)


।। श्री ।।
मुलुंड,
२० नोव्हेंबर १९८७

ती. सोनूआत्येस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तशी मी गप्प आहे. गप्प राहायला इतकी मेहनत पडते हे माहीत नव्हतं. भाताच्या दोन घासांत पोट भरतं. जिन्यावर पाऊल वाजलं की हातातलं भांडं खाली ठेवते.

ते चार दिवसांत विसरले नाहीत. फळ्यावर आता भाऊंची सूचना चिकटवली आहे: मंडळाची सर्वसाधारण सभा, रविवारी २९ तारखेला सकाळी दहाला, मागच्या अंगणात. विषय एकच, फळ्याचा गैरवापर. चाळीतल्या नलिनीताईंचे मिस्टर कमिटीवर आहेत. ताईंनी सांगितलं की काकांनी सगळ्यांसमोर आपल्या अंगातल्या सदऱ्याने फळा पुसायचा, भाऊंच्या पाया पडायचं आणि महिनाअखेर खोली सोडायची, असं ठरलं आहे. पाया नाही पडले तर तोंडाला काळं फासायचं. नलिनीताई जुन्या नळावर हे हसत सांगत होत्या. म्हणाल्या, म्हाताऱ्याची पण कमाल आहे हां, एवढी वाट लागली तरी मिशीतल्या मिशीत हसतो. आत्ये, ज्या एकवीस जणांनी ती चिठ्ठी वाचून पोट धरलं होतं, त्यांतल्या त्या एक. आता त्यांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच असं वाटतं.

काल आणखी एक झालं. आमच्या कारखान्याच्या खिडकीशी भाऊंच्या माणसांपैकी एक आला आणि काळा ऑइलपेंट मागितला, एक लिटर. कशाला हवा असं स्टोअरवाल्याने सहज विचारलं, तर फळा रंगवायला म्हणाला. चलन मी टाइप केलं. माझी बोटं चुकली नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. खरंच फळ्यासाठी असेल. पण आपला फळा केवढा, त्याला पाव लिटर पुष्कळ होतो. उरलेला कुठे लावणार?

बाबा काल गुणाजीकाकांना भेटून आले. नाव सांग आणि मोकळा हो, त्या भित्र्यासाठी तू कशाला मरतोस, असं बाबांनी त्यांना सांगितलं. घरी येऊन माझ्यासमोर जेवताना सांगत होते. भित्रा हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी त्यांना आमटी वाढली.

हेही सांगितलंच पाहिजे. आज ऑफिसला जाताना काका फाटकाशी होते. मी खाली मान घालून निघाले होते. ते हळूच म्हणाले की पोरी, डाव्या हाताने फार लिहू नये, मनगट भरतं. मग रस्त्याकडे बघत बसले, जसं काही बोललेच नाहीत. म्हणजे त्यांना माहीत आहे. कधीपासून, देव जाणे. माहीत असून त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाहीत.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू म्हणालीस गप राहा, म्हणून राहिले आहे. पण अजून नऊ दिवस आहेत आणि मला ते सगळे दिसतात. माझ्यावरची माया आटवू नकोस.

तुझी,
सुलक्षणा


।। श्री रवळनाथ प्रसन्न ।।
मु. पो. कणकवली,
२४ नोव्हेंबर १९८७

चि. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गुरुजींनी वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मी विचारलं काय झालां, तर म्हणाले धूळ. आमच्या ओटीवर धूळ नसते, मी रोज सारवते.

मागच्या पत्रात मी तुला गप रव म्हटलं. तेव्हा एक गोष्ट सांगितली नव्हती. आता सांगते, गुरुजींच्याच हाताने.

माझे यजमान मुंबईला गिरणीत होते तेव्हाची गोष्ट. माझ्या थोरल्या दिराने सामायिक अंगणातला फणस परस्पर तोडायला काढला. मला लिहिता येत नाही. मी गुरुजींना ओटीवर बसवून नवऱ्याला पत्र सांगितलं. दिराला त्यात काय काय म्हटलं ते इथे परत नको. (नकोच. द.) यजमानांनी भोळेपणाने ते पत्र भावालाच पाठवून जाब विचारला. दिराला अक्षर ओळखता येत होतं. गावात असं अक्षर एकच. भर बाजारात त्याने गुरुजींच्या सदऱ्याला हात घातला, मास्तर असून घरं फोडतोस म्हणाला. शाळेच्या कमिटीपुढे नेलं. गुरुजींनी एवढंच सांगितलं की पत्र माझ्या हातचं आहे.

मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. शब्द माझे, सदरा त्यांचा. पहिला दिवस म्हटलं दीर मारील. दुसरा दिवस म्हटलं नवरा टाकील. तिसऱ्या दिवशी पदर खोचला आणि कमिटीपुढे जाऊन सांगितलं की बोल माझे आहेत, मास्तरांचा नुसता टाक. दिराने मारलं नाही. दोन वर्षं बोलला नाही, ते बरंच झालं. फणस अजून उभा आहे.

पण गो, त्या तीन दिसांची लाज माका अजून सोडीत नाय. तुला गप रव सांगताना मी परत त्याच दाराआड उभी होते. ते सांगणं मी मागे घेते. पुढे काय करायचं ते सांगणार नाही. मी तीन दिस घेतलंय. तू किती घेतस ता तुझां तू ठरव.

कोकमं पोचली का, कळव. आमचा जीव तुझ्यात आहे, हे न लिहिता कळावं.

तुझी आत्या

चि. सुलक्षणा, हे चार शब्द माझे, सोनूबाईंचे नव्हेत. त्या तीन दिवसांत मी त्यांच्यावर क्षणभरही रागावलो नव्हतो. वाट मात्र पाहत होतो. — दशरथ


।। श्री ।।
मुलुंड,
२७ नोव्हेंबर १९८७

ती. सोनूआत्येस आणि ती. गुरुजींस,
सा. न. वि. वि.

पत्र आज ऑफिसातून आल्यावर मिळालं. कोकमं पोचली. हे तुमच्या हाती पडेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

गुरुजींच्या शेवटच्या ओळीनंतर मला घरात बसवेना. बाबा ड्यूटीवर निघण्याच्या तयारीत होते. मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं की ज्याला तुम्ही भित्रा म्हणालात तो बारावा गडी मी आहे. ते खाटेवर बसले. पायात एकच चप्पल होती. मला वाटलं आता हात उचलतील. पण त्यांनी विचारलं की गटारावरची उडीपण तुझीच का. मी हो म्हटलं. आणि इंग्रजांचा झाडू? तोही, म्हटलं. मग म्हणाले की नोकरी चिठ्ठीने लागली होती, चिठ्ठीने गेली तर गेली. दुसरी चप्पल खाटेखाली समोरच होती, ती ते दारामागे शोधत होते. भितात तेही. पण सभेला माझ्या शेजारी बसणार आहेत.

दारातून परत वळून म्हणाले की चहा माझ्याकडे लागला तुझा. तो त्यांनी स्वतः करायचा आहे असं मी सांगितलं. बाबांना चहा करता येत नाही, त्यामुळे शिक्षा दोघांना सारखीच होईल.

माझी भीती गेली असं लिहिलं तर पुढच्या पत्रात आणखी एक चूक दुरुस्त करावी लागेल. गेलेली नाही. रंगाचा तो डबा मंडळाच्या ऑफिसात खिडकीत ठेवला आहे, येता-जाता दिसेल असा. झाकण अजून उघडलेलं नाही, मी रोज बघते. काळं मला फासतील का, मुलगी म्हणून सोडतील का, आणि मुलगी म्हणून सोडलं तर ते मला आवडेल का, या सगळ्याचा पोळ्या लाटता लाटता विचार करून झाला आहे. उत्तर आलं नाही, पोळ्या करपल्या.

गुणाजीकाकांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मला थांबवतील. ऐन वेळी आवाज फुटला नाही तर म्हणून नळाची तीच चिठ्ठी मी पुन्हा लिहून पर्समध्ये ठेवली आहे. या खेपेला उजव्या हाताने. खाली सही पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट, त्यांना विचारून. आवाज गेला तर चिठ्ठी भाऊंच्या हातात देईन. त्यांना वाचता येतं.

तुम्ही दोघांनी ओटीवर बसून माझी आठवण काढा. जिव्हाळा आहे तसाच राहू दे, माझं तोंड कोणत्याही रंगाचं झालं तरी.

तुमची,
सुलक्षणा

ता. क. नव्या नळाला आजही पाणी नाही. सभा त्या नळासमोरच आहे. परवा, रविवार, २९ नोव्हेंबर, सकाळी दहा. काकांना पुढे बोलावण्याआधी मी उभी राहीन.