मॅनिफोल्डचे आठ नट

३ मार्च, मंगळवार

बॉनेट उघडलं एकदाचं. सकाळपासून ह्यांनी गॅरेजात ठाण मांडलंय. म्हणे, मॅनिफोल्ड बदलायचं. मी म्हटलं, चालतेय ना गाडी, कशाला उगाच खाजवून खरूज काढता? मग काय — अर्धा तास शिकवणी! इंजिनात हवा नेणाऱ्या चार नळ्या म्हणजे मॅनिफोल्ड. आत्ता आहे ते आखूड, रुंद नळ्यांचं, तरुणपणी ह्यांनीच हौसेने बसवलेलं. मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट, पण चढाला हळू घेतली की जीव टाकते. आता लांब, अरुंद नळ्यांचं बसवायचं. वरचा वेग जाईल, खालचा दम वाढेल.

चाळीस वर्षं मेकॅनिकची बायको आहे, आज पहिल्यांदा नीट कळलं.

जेवताना ह्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यांदाच सांगतोय असं. मीही पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकलं.

४ मार्च

कळलं कशासाठी ते. टेकडीवरच्या घरातून फोन होता. विसर पडलेली माणसं सांभाळतात ते घर. तिथल्या बाई म्हणाल्या, महिनाअखेरीस खोली रिकामी होतेय, नाव ह्यांनी स्वतः येऊन नोंदवलंय. जानेवारीत! आणि मला काय सांगितलं होतं — चल, वरून गाव छान दिसतं, तू चालव. त्या चढावर मी दोनदा गाडी बंद पाडली. मागे घसरली तेव्हा रडले होते मी.

तणतणत गॅरेजात गेले. नाही नाही ते बोलले. ह्यांनी शांतपणे हात पुसले.

"तुला चोर समजून ढकललं, ते मला आठवत नाही. तुझ्या कोपराचं प्लास्टर तेवढं आठवतं. अजून काय व्हायची वाट बघायची?"

मी म्हटलं, आपलेच दात, आपलेच ओठ.

"दात पडलेत माझे. म्हणी नको सांगूस."

हसावं की रडावं! हे आता गाडी चालवू शकत नाहीत, डॉक्टरांनी कधीच बंद केलंय. मलाच चालवायची आहे, दर रविवारी, त्याच चढावरून. 'चढाला भिऊन तू यायची थांबलीस तर?' — ह्यांना भीती तेवढी एकच. म्हणून हा सगळा खटाटोप. वचन घेतलं माझ्याकडून. माझ्या शिवणाच्या खडूने भिंतीवर लिहूनही ठेवलं, विसरायला नको म्हणून — "गाडी झाली की वर."

मी हो म्हटलं. का म्हटलं?

७ मार्च, शनिवार

जुनं निघालं. इंजिनाला चार भोकं उघडी पडली. त्यात काही पडू नये म्हणून चार चिंध्या कोंबल्या, काढताना ह्यांनी मोजल्या, मीही मोजल्या. मग फट बुजवणारं पॅकिंग, त्यावर नवं मॅनिफोल्ड, आठ नट. आवळायचे ते मधून सुरू करून बाहेर बाहेर, दोन फेऱ्यांत, नाहीतर मॅनिफोल्ड वाकडं बसतं आणि फटीतून बाहेरची हवा चोरतं. हे ह्यांचे हात बरोबर जाणतात. कुठला झाला आणि कुठला राहिला, एवढंच डोक्यात राहत नाही. म्हणून झालेल्या नटावर मी खडूची खूण करत गेले. गिऱ्हाइकाच्या कापडावर करते तशी.

आठही झाले. हे तेवढ्यानेच दमले. म्हणाले, पुढच्या बैठकीत कार्बोरेटर, मग गाडी चालू.

मग?

८ मार्च

दुपारी हे गोळी घेऊन झोपले. मी आठही नट ढिले केले. खुणा पुसल्या.

९ मार्च

सकाळी आले, वाकून बघितलं, म्हणाले, "अरे, नट आवळायचेत अजून." आणि शीळ घालत कामाला लागले!

शिवलेलं उसवायला मला वेळ लागत नाही. जन्मभर तेच केलंय. लाज वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. संध्याकाळी मी पोटभर जेवले.

१४ मार्च, शनिवार

रोज तेच. सकाळी हे आवळतात, दुपारी मी सोडते. तासभर काम, तेच तेच किस्से, मग दमून झोप. खरं सांगू? बरे दिवस चाललेत. माणूस खूष आहे. आणि मी खूण करायला शेजारी. इतका वेळ आम्ही कधी एकत्र बसलोच नव्हतो. ह्यांचं गॅरेज, माझं मशीन, मध्ये जेवण.

लेकीचा फोन. बाबांची गाडी कुठवर आली? मी म्हटलं, चाललंय. चोराच्या मनात चांदणं — हिला कळलंय असंच वाटत राहिलं. तिचं एकच पालुपद, आई, तू एकटी कशी पुरी पडशील. बरोबर बोलते, म्हणून राग येतो. परवा आंघोळीला नेताना हे घसरले. मला उचलता येईना. दोघं तसेच फरशीवर बसून राहिलो, अंग कोरडं होईपर्यंत.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तर मी नट सोडते.

१८ मार्च

आज मला 'ताई' म्हणाले. नट मात्र बरोबर मधूनच सुरू केले.

२१ मार्च, शनिवार

लिहवत नाही.

एक टप्पा पुरा झाला की भिंतीवर रेघ मारायची ह्यांची जुनी सवय. मला माहीत होती. कशी विसरले! जॅक ठेवतात त्या कोपऱ्यात खाली खडूच्या रेघा — तेरा. मी चहा घेऊन गेले तर हे उलट्या बादलीवर बसलेले. पाना मांडीवर.

"तेरा वेळा आवळले. तेरा वेळा सुटले. डोकं जातंय ते माहीत होतं गं. हात राहील वाटलं होतं."

रडत होते. ह्यांना रडताना मी दोनदाच पाहिलंय, दोन्ही वेळा घरातलं माणूस गेलं होतं. माझ्यावर संशय घ्यावा, हे मनातही नाही आलं त्यांच्या. स्वतःवरच घेतला. ह्यांना जवळ ठेवायचं म्हणून मी ह्यांच्याजवळ उरलेली एकच गोष्ट, हाताचा भरवसा, काढून घेत होते. आणि वर त्याला बरे दिवस म्हणत होते!

मी चहा ठेवला आणि आत निघून आले. भित्री.

२२ मार्च

सांगितलं. सगळं सांगितलं. मीच सोडत होते, रोज दुपारी, तुम्ही जाऊ नये म्हणून. मान खाली घालून उभी राहिले. ओरडतील वाटलं.

तळवे उलटसुलट बघून म्हणाले, "म्हणजे हात शाबूत आहे माझा?"

"शाबूत आहे."

तेवढंच हवं होतं त्यांना. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तळव्याला ग्रीस होतं.

२३ मार्च

सकाळी हे परत बादलीवर. परत रेघा मोजत. कालचं काही आठवत नाही. परत तेच रडणं.

परत सांगितलं.

रेघा पुसून टाकाव्यात असं आलं मनात. पण आणखी काही पुसायची हिंमत नव्हती.

२५ मार्च

आज चौथ्यांदा. रोज कबूल करते, रोज ते पहिल्यांदाच ऐकतात, रोज माफ करतात. एकदाच माफ करून विसरले असते तर सोपं गेलं असतं. आज विचारलं, "एवढी का गं भिलीस?" मी म्हटलं, घर खायला उठेल. ते म्हणाले, "चल मग, लवकर उरकू. तू जेवढ्या लवकर चढ शिकशील, तेवढी माझ्याकडे जास्त येशील."

असं डोकं असलेल्या माणसाला विसराळू कोण म्हणेल!

२६ मार्च

पॅकिंग माझ्या उसवाउसवीने पार चेपलं होतं. दुकानातून नवं आणलं. आठ नट, दोन फेऱ्या, आठ खुणा. दुपारी हे झोपले. मी मशीनवर बसले, उठलेच नाही.

२७ मार्च

कार्बोरेटर बसला. चावी मीच फिरवली. हे बॉनेटवर कान देऊन उभे. कुठे हवा चोरत नाही. संध्याकाळी घरामागच्या चढावर नेली. अर्ध्यात मुद्दाम थांबायला लावलं, मग परत उचलायला. उचलली! कसली कुरकुर नाही. हे मांडीवर ताल धरून होते.

मला आनंद झाला. झाला, हे लिहूनच ठेवते.

२९ मार्च, रविवार

दुसऱ्या गिअरला सगळा चढ चढली. ह्यांना सोडून आले.

येताना उतार होता, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. हळू आले.

५ एप्रिल, रविवार

फाटकाशी उभे होते. म्हणाले, तीन वळणं आधी आवाज ओळखला. गिअर उशिरा बदलतेस.

१९ एप्रिल, रविवार

लेकीला घेऊन गेले. तिला ओळखलं नाही. मला ओळखलं. तिच्यासमोर मला बरं वाटलं, ते चांगलं नाही.

१० मे, रविवार

फाटकाशी कोणी नव्हतं. हे ओसरीवर. मला बघून उठले, नमस्कार केला, खुर्ची पुढे केली. आपण कोणाकडे आलात? — मला!

मग गाडीशी गेले. बॉनेट उघडायला लावलं. मॅनिफोल्डवरून बोट फिरवलं, एकेका नटावर, मधून बाहेर.

"कोणी बसवलं हे?"

"माझ्या नवऱ्याने."

"हात चांगला आहे त्यांचा," म्हणाले. "जपा त्यांना, बाई."