न मिळवलेले चौऱ्याऐंशी विजय

ओमाहा, १४ जून १९९१

प्रिय बाबा,

गावच्या बेसबॉल मैदानावर लावायच्या आजोबांच्या पितळी पाटीचा मसुदा काल मिळाला. सही करून लगेच परत पाठव, सोमवारी सकाळी आठला ओतकाम आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. मी सही करणार नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही आशेने वाचणार नाही.

‘एमिल झेलेनी. पिचर. विजय १६२.’ इथपर्यंत सगळं ठीक आहे, एवढे सामने आजोबांनी चेंडू फेकून खरंच जिंकले. त्याखालचं ‘युद्धाने हिरावलेले विजय ८४. गणित : मार्टा झेलेनी, अभियंता’ हे ठीक नाही. ते गणित मी एकोणीस वर्षांची असताना तुमच्या वाढदिवसासाठी केलं होतं. युद्धाआधीचे तीन हंगाम आणि नंतरचे दोन, त्यांची सरासरी एकवीस, गुणिले चार. गुणाकार बरोबर आहे. पण १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या महिन्यात आजोबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आजी त्यांचे केस विंचरून द्यायची. हे मला तेव्हाही माहीत होतं. हिशेबात घेतलं असतं तर आकडा लहान झाला असता, आणि तुम्हाला तो मोठा हवा होता. म्हणून मी ते वगळलं. आता मी ज्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासते, तिथे असं केलं तर माझी नोकरी जाईल, आणि ते योग्यच होईल.

त्या वाढदिवशी तुम्ही तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलात. आजोबांनी शांतपणे विचारलं, “या चौऱ्याऐंशी सामन्यांत हरलं कोण? त्या बिचाऱ्यांना कळवलंय का?” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, “थट्टा नको. चार वर्षं गेली तुमची.” त्यावर ते म्हणाले, “गेली कुठे? चारही वर्षं मी तिथेच होतो. जहाजावर, तोफेपाशी. हवं तर तोफेचा नंबर सांगतो.” मग त्यांनी जर्दाळू भरलेला दुसरा कोलाच पाव उचलला आणि विषय संपला. कागद मात्र तुम्ही चौकट करून भिंतीवर लावलात.

गुणवही लिहायला त्यांनीच मला शिकवलं. आठ वर्षांची असेन. गावच्या मैदानावरचा सामना होता, आपला संघ पुढे होता, त्यामुळे शेवटच्या डावात आपल्याला फलंदाजीला उतरायची गरजच पडली नाही. मी त्या चौकोनात शून्य लिहिलं. आजोबांनी खिशातून खोडरबर काढून ते पुसलं आणि फुली मारली. म्हणाले, “शून्य म्हणजे खेळले आणि काही मिळालं नाही. हे खेळलेच नाहीत. दोन्ही एक कसं होईल, मार्टे? जे झालं तेवढंच लिही. न झालेल्याला आपण आकडा देत नसतो, छोटाही नाही आणि मोठाही नाही.” माझं सगळं शिक्षण त्यानंतरचं आहे.

काल ओटो न्हाव्याचा फोन आला होता. पाटीच्या समितीने त्यांना पुढे केलेलं दिसतं. “शिकलीस म्हणून आता आजोबांचे विजय कमी करायला निघालीस होय गं?” मी म्हटलं, “ओटोकाका, एकशे बासष्टच्या एकशे बासष्ट जागच्या जागी आहेत. मी फक्त तुमचे चौऱ्याऐंशी काढतेय.” ते म्हणाले, “तुझ्या आजीसारखीच कडू आहेस.” ते मी कौतुक म्हणून घेतलं.

पाटीवर मला हवं आहे ते असं : प्रत्येक वर्ष आणि त्यापुढे त्या वर्षीचे विजय. १९४२, ४३, ४४, ४५ या चार ओळींत आकडा नाही, फक्त ‘नौदल’. आजीला तुमच्या वेळी दिवस गेलेले असल्यामुळे आजोबांना सैन्यातून सूट होती, हात सावरायला एक हिवाळा पुरला असता, आणि तरी ते जानेवारीत जाऊन स्वतःचं नाव नोंदवून आले. या चार रिकाम्या जागा त्यांनी स्वतः निवडल्या. त्या भरायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही.

एवढं फोनवर एका मिनिटात सांगता आलं असतं. पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी लिहिते आहे. आजीने जाण्याआधी मला एक सांगितलं होतं. ऑक्टोबर १९४५ मध्ये आजोबा घरी आले, तेव्हा तुम्ही साडेतीन वर्षांचे होतात आणि त्यांना पहिल्यांदाच पाहत होतात. जेवणाच्या टेबलाखालून तुम्ही तिचा झगा ओढून विचारलंत, “हा माणूस जेवून जाणार ना?” आजोबांनी ते ऐकलं. म्हणाले, “नाही रे राजा, मला इथेच राहायला सांगितलंय.” आणि उठून अंगणात गेले, ते बराच वेळ आत आले नाहीत. बाबा, तुम्ही इतकी वर्षं जे मोजत आहात ते सामने नाहीत, असं मला वाटतं. तुमचंही काही गेलं आहे, आणि ते त्यांनी निवडलं होतं, तुम्ही नाही. ते पाटीवर मावणार नाही. पण चार जुलैला पाटीवरचं कापड काढल्यावर तुम्हीच बोलणार आहात. तेव्हा हे सांगा. हा अंदाज नाही, घडलेली गोष्ट आहे, आणि तेव्हा त्या टेबलाशी असलेला माणूस आता तुम्हीच एक उरलात. सोमवारी सकाळी सातला मी फोन करीन. तुम्ही नाही म्हणालात तर माझं नाव काढून हवी ती पाटी ओता. मी भांडणार नाही, सहीही करणार नाही. येणार मात्र नक्की आहे. मी पहिल्याच बाकावर असेन.

तुमचीच,
मार्टा